फक्कीच्या घरातला संसार

अंगण निम्मं सारवून झालं होतं. शेणाचा हात ओट्यापासून तुळशीपर्यंत आला होता, तुळशीपलीकडची माती अजून कोरडीच होती. लंकाबाई बादलीतला काला ढवळून पुढचा हात फिरवणार, एवढ्यात तिची लेक सृष्टी घरामागच्या उतारावरून ओरडत आली.

"आई! फक्की मारली! आपल्या घराची फक्की मारली!"

लंकाबाई उठली ती तशीच. पदर खोचलेला, कोपरापर्यंत शेण. हात धुवायचंही तिला सुचलं नाही. पळता पळता तिने तुळशीकडे बघून मान लववली, "आई सप्तशृंगे, आता तूच गं," एवढंच म्हणाली आणि लेकीच्या मागे धावली. पंचेचाळिशीची बाई, पण त्या दिवशी तिला पळताना पाहून कुणी तिला सृष्टीची थोरली बहीण म्हटलं असतं.

करंजटेप म्हणजे घोटीच्या बाजारातून निघालेली जीप जिथे थांबते, तिथून पुढे बरीच चढण. ट्रॅक्टर वर येतो तो फक्त उन्हाळ्यात. टेपावरची, त्या टेकाडावरची, घरं सगळी कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यांवर शेणमाती लिंपायची, वर कौलं टाकायची. चार महिने पाऊस तो कूड धुऊन न्यायचा आणि दिवाळीला बायांनी परत लिंपायचा. लंकाबाई चांदवडकडची, कांद्याच्या कोरड्या मुलुखातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा पहिल्या वर्षी लुगडी वाळेनात म्हणून रडायची. मग हळूहळू तिने इथला कूड लिंपायला घेतला, भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, शिकली, आणि एवढी शिकली की आवणीच्या टोळीची म्होरकी झाली. तिच्यामागे बाया ओळीत उभ्या राहायच्या. रोपाची पहिली मूठ ती देवाच्या नावाने बांधावर ठेवायची आणि मगच कमरेत वाकायची.

हिवाळ्यात काम नसलं की ती नाशिकला बिल्डिंगच्या कामावर जायची. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या काळ्या फरश्या तिने डोक्यावरून वर चढवल्या होत्या. काम संपलं की निघताना ती त्या रिकाम्या घराच्या उंबऱ्याला हात लावायची. "जी कोन बाई इथं ऱ्हायला येईल ती सुखात ऱ्हावो," असं म्हणायची. बरोबरच्या बाया हसायच्या. "तुझं घर कधी, लंके?" म्हणायच्या. "देवाला ठावं," ती म्हणायची. तिला खरंच वाटायचं की देवाला ठाऊक आहे, फक्त त्याने अजून सांगितलेलं नाही.

ते सांगणं आलं मागच्या दिवाळीनंतर, मारुतीच्या देवळात भरलेल्या बैठकीत. नाशिकच्या एका संस्थेचा तरुण इंजिनिअर शेखर वर आला होता. योजनेतून सामान मिळेल, तो म्हणाला. विटा, सिमेंट, पत्रे, चौकटी. पण मजुरी घरच्यांची. ते ऐकून बाप्ये उठायला लागले. रोजचा मजुरीचा दिवस सोडून एकट्या माणसाने घर कधी बांधायचं आणि खायचं काय? बैठक मोडायला आली होती. तेवढ्यात बायांच्या बाजूने लंकाबाई बोलली.

"आवणीला काय करतो आपन? सावडच ना? मंग घराची सावड करा की!"

बाप्ये हसले. "घर म्हंजी काय भाताचं रोप हाय का, वैनी?"

"भात खाताना नाय हसत कुनी," लंकाबाई म्हणाली.

शेखरला सावड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्याला सगळ्यांनी मिळून समजावलं. आज सगळे माझ्या वावरात, उद्या सगळे तुझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. पण चुकायचंही नाही. ऐकता ऐकता तो पोरगा असा खुलला की त्याने तिथेच सहा घरांची नावं लिहून घेतली.

सावडीचा एक नियम मात्र कडक. ज्याच्या वावरात चिखल तयार नसेल त्याच्यासाठी टोळी थांबत नाही. ती पुढच्या वावरात जाते, आणि मागे राहिलेल्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. घरांनाही तोच नियम लावायचं ठरलं. लंकाबाईची जागा जुन्या घराच्या मागे, उताराच्या तोंडाशी, सामान तिथेच उतरणार, म्हणून पहिलं घर तिचं. शेवटच्या घराचं काम पावसात अडकणार हे सगळ्यांना दिसत होतं. एकदा आवणी लागली की टेपावर एक हात मोकळा सापडत नाही. शेवटचा नंबर म्हणजे घर पुढच्या वर्षावर.

तर अशी ती पहिल्या घराची पांढरी फक्की, आणि तिच्याकडे धावत आलेली लंकाबाई.

ती जवळ आली आणि थबकली.

तांबड्या मातीवर फक्कीच्या, चुन्याच्या पांढऱ्या भुकटीच्या, सरळ रेघा ओढलेल्या होत्या. पुढची खोली, मागे स्वयंपाकाची, मध्ये दार, समोर दार. कोपऱ्यांत खुंट्या. गवंडी गोटीराम हातातलं फक्कीचं घमेलं झाडत उभा होता, शेखर मोजायचा टेप गुंडाळत होता. आणि ते घर, देवा, केवढंसं दिसत होतं!   ते बोलून दाखवलं लंकाबाईच्या सासूने.

"हे?" भागुबाई काठी टेकत रेघेपाशी आली. "हे घर व्हय? माझ्या करडांना तरी पुरंल का?"

"आजी," गोटीराम म्हणाला, "मोकळ्या रानात काय बी ल्हानच दिसतं. वर आभाळ केवढं हाय! भिंती चढल्या का मोठं वाटंल."

"भिंती चढल्यावर मंग रडून काय उपेग? हातभर वाढीव रेघ."

"नाही वाढवता येत, आजी," शेखर नरमाईने म्हणाला. "सहाही घरांचं सामान सारखं मोजून आलंय. तुमचं वाढलं तर शेवटच्या घराला विटा पुरणार नाहीत."

"मंग माझं नको."

"आत्याबाई!"

"जागा माझ्या नावाची हाय," भागुबाईने काठी आपटली. "पडवीचं एक कौल उतरवायचं नाय. सांगून ठेवते."

जुन्या घराच्या मागच्या पडवीची कड नव्या घराच्या रेघेवर येत होती. पडवी उतरल्याशिवाय खोदाई नाही. भागुबाईची बाज त्याच पडवीत असायची. सासरे गेल्यापासून ती तिथेच झोपायची, शेळ्यांवर नजर ठेवून.

पलीकडच्या घरातली सरिता कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचं घर दुसऱ्या नंबरचं. तिने हसत हसत टोमणा टाकला. "लंकाबाई, तुमचा चिखल तयार नसंल तर सांगा बरं. आमचा हाय."

"सकाळी खोदाईला सगळे जमणार आहेत," शेखर म्हणाला. "मावशी, संध्याकाळी मी परत जायच्या आधी सांगा. नाहीतर मला उद्या सरिताताईंकडे सुरुवात करावी लागेल. आज मी बाकीच्या घरांच्या रेघा मारतोय, इथेच आहे."

सगळे पांगले. भागुबाई पडवीत जाऊन बाजेवर बसली. लंकाबाई मात्र त्या रेघांपाशीच उभी राहिली. हातावरचं शेण वाळून तडकलं होतं. तिने मनातल्या मनात देवीला सरळच विचारलं, आता काय करू? मग तिने पाऊल उचललं आणि समोरच्या दाराच्या जागेतून आत गेली. आतून बघितलं. कुठे काय राहील, काही कळेना. रिकाम्या जागेत माणसाला जागा कळत नाही. आपल्या घरात आपल्याला जागा कळते ती मडक्यांवरून, उतरंडीवरून, कोपऱ्यातल्या देवांवरून.

आणि तिचा चेहरा असा फुलला की लांबून बघणाऱ्या सृष्टीने विचारलं, "काय झालं गं?"

"पळ, सृष्टे! कळशी उचल, हंडा उचल, घरात जे दिसंल ते उचल. संसार हितं आनायचा!"

"हितं? रानात?"

"रानात नाय, घरात!"

वाल्मीक, लंकाबाईचा नवरा, घोटीच्या भाताच्या गिरणीत पोती उचलायला जातो. दिवसभराचं काम आटोपून तो चढण चढून वर आला तेव्हा त्याची बायको डोक्यावर पाटा घेऊन त्याच्याच घरातून बाहेर चालली होती, मागून लेक उतरंडीची गाडगी घेऊन.

"काय गं, माहेरी चालली का काय? पाटा घेऊन?"

"बोलू नका. कनगी उचला."

"भरली हाय ती!"

"गिरनीत पोती उचलता, घरची कनगी जड झाली व्हय?"

सरिता आणि तिच्या शेजारची सुलाबाई आधी नुसत्या बघत होत्या, मग त्यांनाही राहवेना. एकीने ट्रंक धरली, दुसरीने चुलीसाठी तीन दगड. बघता बघता फक्कीच्या रेघांच्या आत सगळा संसार लागला. मागच्या खोलीत चूल, पाटा, पाण्याचा हंडा. पुढच्या खोलीत उगवतीकडच्या कोपऱ्यात पाट मांडून त्यावर देवांचे टाक, शेजारी सृष्टीच्या अभ्यासाचं टेबल, मावळतीच्या बाजूला भाताची कणगी आणि ट्रंक. सृष्टीने मोबाईल काढला आणि दारातून आत येत चालता चालता बोलू लागली, "नमस्कार मंडळी, आज आपण करनार आहोत आमच्या नवीन घराची होम टूर. हा आमचा हॉल, हे किचन. आणि हा आमचा कुत्रा, हा भिंतीतून येतो."

कुत्रा खरंच रेघ ओलांडून आत आला होता. सगळे हसून हसून वाकले.

"बघा!" लंकाबाईने हात पसरले. "बघा आत्याबाई, समदं मावलं! वर उरलं बी!"

तिचा आनंद मावत नव्हता. तिने हंड्यातल्या पाण्याने हात घासून धुतले, चुलीत काटक्या सारल्या, जाळ केला, तवा ठेवला. पिठाचा गोळा हातावर घेतला. भागुबाई कुठे आहे ते बघायला तिने मान वळवली.

भागुबाई रेघेबाहेर बसली होती. तिच्या बाजेवर.

बाज वाल्मीकने सगळ्यांत शेवटी आणली होती. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेली सागाची बाज, आजकालच्या बाजांपेक्षा चांगली हातभर लांब. आत जागा दिसली नाही म्हणून त्याने ती बाहेर टेकवली होती, दोन शेळ्यांच्या शेजारी. म्हातारी तिच्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि आपल्या घराकडे लांबून बघत होती, जसं माणूस दुसऱ्याच्या दारात बसून बघतं.

लंकाबाईच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला. अगं माझ्या देवा. हातभर रेघ वाढीव म्हणून भांडत होती म्हातारी. तो हात कशासाठी हवा होता, ते एकानेही विचारलं नव्हतं. आणि समदं मावलं म्हणून ओरडताना आपल्यालाही ते दिसलं नव्हतं.

तिने तवा खाली उतरवला.

"उचला समदं," ती म्हणाली.

"काय?" वाल्मीकने कणगीला नुकतीच पाठ टेकली होती.

"समदं बाहेर काढा. परत लावायचं. आदी आत्याबाईची बाज, मंग बाकीचं."

"लंके, अगं माझी कंबर..."

"तुमच्या आईची बाज शेळ्यांत ठेवली तुम्ही! उचला!"

वाल्मीकने एकदा आईकडे पाहिलं आणि निमूट उठला. सुलाबाई कुरकुरली, "पगार द्या बया आता आम्हाला." पण ट्रंक तिनेच पहिली उचलली. संसार पुन्हा बाहेर आला. देव तेवढे जागेवर राहिले, देवांना कुणी हलवलं नाही.

आता रिकाम्या खोलीत फक्त देव आणि बाज. आणि गंमत अशी की बाज खरंच बसेना. समोरचं दार मधोमध, स्वयंपाकाच्या खोलीचं दारही त्याच्या समोर मधोमध, म्हणजे खोलीच्या मधून नुसता रस्ता. उगवतीच्या बाजूला बाज लावावी तर पाय देवांकडे जात होते. मावळतीच्या बाजूला लावावी तर ती एवढी लांब की भिंतीला चिकटवल्याशिवाय दार मोकळं होत नव्हतं.

"चिकटव की," वाल्मीक म्हणाला.

"आन् पावसाचं?" सरिता म्हणाली. "मावळतीची भिंत चार महिने घाम गाळती. म्हातारीचे गुडघे काय म्हनतील?"

"फिरवून लावा." "नको, उत्तरेला डोकं येतं!" "तिरपी लावा!" "तिरपी? ती काय बैलगाडी हाय उभी करायला?"

सगळे एकदम बोलत होते. बाज इकडून तिकडे फिरत होती. भागुबाई उभी राहून बघत होती, आधी लांबून, मग रेघेजवळून. शेवटी तिला राहवलं नाही. ती समोरच्या दाराच्या जागेतून आत आली, काठीने जमिनीवर ठोकलं आणि म्हणाली, "बाजंला काय झालंय? बाज हाय तिथं ठीक हाय. ह्ये दार येड्यासारखं मधी आलंय!"

वाल्मीकने बाज खाली टेकवली.

"हे दार," तिने काठी देवांच्या बाजूला सरकवली, "हितं घ्या. आन् आतलं बी त्याच्या समोर. मंग ह्या अंगाला मोकळी जागा ऱ्हाती. बाज भितीपासून हातभर सुटी."

सृष्टी वाऱ्यासारखी शेखरला बोलवायला धावली. तो फक्कीने पांढरे झालेले हात घेऊन आला. त्याने टेप धरला, वाकून मोजलं, डोकं खाजवलं, पुन्हा मोजलं. लंकाबाई देवीचं नाव घेत उभी होती. तिला वाटलं, आता हा परत विटांचं सांगणार.

"भिंत वाढवता येत नाही, आजी," शेखर म्हणाला. मग तो हसला. "पण दार सरकवायला एकही वीट जास्त लागत नाही!"

त्याने चपलेने दोन्ही नव्या दारांपुरती रेघ पुसली. गोटीरामने घमेल्यातली मूठ घेतली आणि दारांच्या जुन्या जागा रेघेने बुजवल्या. वाल्मीक आणि सुलाबाईने बाज लावली. मावळतीच्या भिंतीपासून हातभर सुटी, पाय देवांकडे नाहीत, डोक्याशी कणगी. ट्रंक बाजेखाली गेली. टेबल देवांच्या शेजारी बसलं. आणि खोलीच्या मध्ये पंगत बसेल एवढी जागा मोकळी राहिली. सरितेने तोंडावर हात ठेवला.

"अरं देवा! ह्ये तर मोठं झालं!"

"शेखरभाऊ, आमचं बी दार सरकवा बरं," सुलाबाई म्हणाली. "आमच्याकडं पन बाज लांब हाय."

"तुमच्याकडे बाज कुठंय? तुमच्याकडे पलंग!" शेखर म्हणाला.

"तो तुमाला कुनी दाखवला?" आणि परत हशा.

चूल पुन्हा पेटली. लंकाबाईने भाकरी थापायला घेतल्या, सरितेने घरून ठेचा आणला, कुणी कांदा फोडला, वाल्मीकने पंगतीच्या जागी गोणपाट अंथरलं. उतरती उन्हं त्या न झालेल्या घरातून आरपार जात होती. लंकाबाईने पहिल्या भाकरीचा घास देवांपुढे ठेवला आणि हात जोडले. तिने काही मागितलं नाही. अजून एक गोष्ट बाकी होती, आणि ती मागून मिळणारी नव्हती. भागुबाई बाजेवर बसून होती खरी, पण हो म्हणाली नव्हती. शेखरने मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन दोनदा लंकाबाईकडे पाहिलं होतं. ती नजरेनेच त्याला थांब म्हणत होती.

तेवढ्यात सुलाबाई घरून आमटीचं पातेलं घेऊन आली. घाईत होती. पातेलं गरम, हातात पदर. ती सरळ जवळच्या वाटेने आली, मावळतीच्या रेघेवर पाय ठेवून, बाजेच्या आणि कणगीच्या मधून.

"अगं ये!" भागुबाई बाजेवरून ओरडली. "दारातून ये की! भितीतून काय येती? घर हाय का धर्मशाळा?"

सुलाबाई जागच्या जागी थांबली. एक पाय आत, एक बाहेर. मग ती गुपचूप मागे फिरली, पातेलं घेऊन घराला पूर्ण वळसा घातला, समोरच्या दाराशी आली, पायातली चप्पल काढली आणि म्हणाली, "येऊ का, आत्या?"

"ये," भागुबाई म्हणाली. "बस."

मग मात्र जे हसणं सुटलं ते थांबेना. वाल्मीक गोणपाटावर आडवा झाला. सृष्टीचा मोबाईल हलत होता. गोटीराम खुंटीला धरून खोकत होता. हसता हसता लंकाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चुलीच्या धुराने ते आलं असं कुणी समजलं असतं तर तिची हरकत नव्हती. भागुबाईला आधी कळेना सगळे का हसतायत. मग कळलं. तिने पदर तोंडाला लावला आणि तीही हलायला लागली, आपल्या बोळक्या तोंडाने.

"हसा," ती म्हणाली. "हसा, आन् हसून झालं का वाल्मीक, तू वर चढ. उजेड हाय तवर पडवीची कौलं उतरव. एक फुटलं तर बघ. आन् शेखर, तू कुठं निघाला उपाशी? बस. ह्या घरात पयल्यांदाच पंगत बसतीय."

शेखरने किल्ली खिशात टाकली आणि बसला.

"सकाळी पूजा कोण करणार, आजी? पहिली कुदळ कुणाची?"

"ज्याच्या नावाची जागा, त्याची," भागुबाई म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

सरितेने लंकाबाईला कोपराने ढोसलं. "गेला माझा नंबर!"

"दुसरा हाय की तुझा. उद्या राती तुझ्या रेघांत संसार मांडू. पिठलं तुझं."

जेवणं झाली. पाटा, हंडा, ट्रंक सगळं उचलून जुन्या घरात परत न्यायचं होतं. भागुबाई मात्र बाजेवरून हलली नाही. आजची रात्र इथेच, ती म्हणाली, उद्या खोदलं का परत कधी मिळंल? मग वाल्मीकने तिच्यासाठी घोंगडी आणली आणि पडवीच्या छपरावर चढला. वरून एक एक कौल सृष्टीच्या हातात यायला लागलं. लंकाबाईने देवांचे टाक ओंजळीत घेऊन घरात ठेवले आणि बाहेर येऊन कोण कोण येणार ते बोटांवर मोजलं. सहा घरची माणसं, हात पुष्कळ, पण कुदळी दोनच. ती गोटीरामाच्या मागोमाग टेपाच्या वरच्या अंगाला निघाली. त्याच्या घरून तीन कुदळी आणि चार घमेली आणायची होती.